मागचा खांब हलला नव्हता

गेल्या महिन्यात कॅल्गरीहून फिलूवहिनींचं पाकीट आलं. आत गंजाचे डाग पडलेला एक निळा फोल्डर, आणि वर चिठ्ठी: "यात तुमची सही आहे म्हणून तुम्हाला पाठवते. टाकून द्यायला हात धजत नाही."

फोल्डरमध्ये एक चार पानी पंचनामा होता. कॉलेजच्या फुटबॉल टीमने जिंकलेल्या एका मॅचचा. खाली चार सह्या. पहिली ग्लेनची, दुसरी माझी, तिसरी एका साळिंदराच्या पंजाची आणि शेवटची इनासभाऊंची. या चौघांत खोटं एकच जण बोलला आहे, आणि तो साळिंदर नव्हे.

इनासभाऊंना जाऊन आता दोन वर्षं होतील. मी एक्याऐंशीचा आहे. हे आता लिहिलं नाही तर तो कागद खरा ठरेल.

इनास तुस्कानो मूळचे वसईचे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात चौतीस वर्षं मोजणीदार. निवृत्तीनंतर मुलीकडे कॅनडात मिल्टनला आले. मीही ठाण्याहून माझ्या मुलीकडे आलो होतो, एकाच गल्लीत. उंच, किडकिडीत माणूस. चालताना किंचित पुढे वाकलेला, जमिनीत कुणी खूण पुरून ठेवली असेल तर ती दिसावी म्हणून. नवा माणूस भेटला की ते आधी त्याच्या पायांकडे बघत, मग तोंडाकडे. कुठे उभा आहे ते कळल्याशिवाय कोण आहे ते विचारण्यात अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचं पाऊल तीस इंचांचं होतं आणि ते कधी चुकत नसे. ग्रोसरीच्या दुकानात त्यांच्या पत्नी फिलूवहिनी हरवल्या की ते फोनवर सांगत, "दुधापासून बावीस पावलं पूर्वेला या." वहिनी म्हणत, "पूर्व कुठे आहे ते सांगा आधी." मग दुकानात दोघांची दिशांवरून हुज्जत, आणि शेवटी अंड्यांपाशी भेट.

बोलणं सगळं कचेरीतलं. पहिल्या हिवाळ्यात मला म्हणाले, "मुकुंदराव, सदर थंडी मला मान्य नाही." जावयाने गाडीला विंटर टायर घातले तर त्यांनी ते "तात्पुरत्या स्वरूपाचे" आहेत का, हे विचारून घेतलं. आणि एक वाक्य आठवड्यातून दोनदा तरी यायचं: "डोळा लाच खातो, साखळी खात नाही."

साखळी म्हणजे खरीच साखळी. जमीन मोजायची जुनी लोखंडी, तेहतीस फुटांची. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. कचेरीने ती मोडीत काढली तेव्हा यांनी रीतसर अर्ज करून मागून घेतली आणि बॅगेत घालून कॅनडाला आणली. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, हे काय. इनासभाऊ म्हणाले, "फॉर जस्टिस." त्यांना बाजूला घेऊन तासभर बसवलं. ती साखळी बेसमेंटमध्ये येशूच्या तसबिरीशेजारी खिळ्याला टांगलेली असायची, आणि दर ईस्टरच्या आधी तिला खोबरेल तेल मिळायचं.

मिल्टनला आल्यावर महिन्याभरात त्यांनी मुलीच्या घराची हद्द मोजली. कुणी सांगितलं नव्हतं. निघालं असं की मुलीचं कुंपण शेजाऱ्याच्या जमिनीत चार इंच गेलं आहे. दुसरा कुणी गप्प बसला असता. यांनी शेजाऱ्याला इंग्रजीतून लेखी नोटीस दिली: आम्ही आपल्या मालकीच्या जागेत अतिक्रमण केलेलं आढळून आलं आहे, तरी आपलं म्हणणं सात दिवसांत मांडावं. शेजारी म्हणजे ग्लेन, स्कूल बस चालवून रिटायर झालेला, एकटा राहणारा गोरा माणूस. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच असा कागद पाहिला. आपल्यावर केस झाली, असं समजून तो सफरचंदाचा पाय, म्हणजे भाजलेला एक गोड पदार्थ, घेऊन दारात आला आणि म्हणाला, काय झालं असेल ते मिटवून टाकू. इनासभाऊंनी पाय ठेवून घेतला, पण लेखी म्हणणं मागितलं. ग्लेनने पेपर नॅपकिनवर लिहून दिलं, "आय डोन्ट माइंड." तो नॅपकिन फाइलला लागला. त्या दिवसापासून दोघांची मैत्री.

आणि ग्लेनमुळेच फुटबॉल आला, इथला, लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा. ग्लेन गेली कित्येक वर्षं चाळीस मिनिटांवरच्या एका कॉलेजच्या ग्राउंडवर मॅचच्या दिवशी खांब धरायला जायचा, हौशी स्वयंसेवक म्हणून. एका शनिवारी तो आम्हा दोघांना सोबत घेऊन गेला. आमच्या टीमचं नाव रॅकून. इनासभाऊंची नात अलीशा त्याच कॉलेजात शिकत होती, त्यामुळे आमची टीम कोणती हा प्रश्न नव्हता.

खेळ मला आजही अर्धाच कळतो. जेवढा कळतो तेवढा सांगतो. चेंडू पुढे न्यायला तीन संधी मिळतात. तीन संधींत दहा यार्ड काटले तर आणखी तीन मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांचा. दहा यार्ड झाले की नाही याबद्दल शंका आली की पंच शिट्टी मारतो आणि कडेला उभी असलेली तीन माणसं दोन खांबांमध्ये बांधलेली दहा यार्डांची साखळी घेऊन मैदानात येतात. मागचा खांब सुरुवातीच्या जागेवर, पुढचा दहा यार्डांवर. चेंडूचं नाक पुढच्या खांबाला लागलं की झालं.

हे आम्ही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा इनासभाऊ हातातली कॉफी सांडून उभे राहिले. हजारेक माणसं श्वास रोखून एका साखळीकडे बघत होती. "मुकुंदराव," ते म्हणाले, "यांनी मोजणी काढली."

मॅच संपल्यावर ते ग्लेनकडे गेले आणि साखळी हातात घेऊन बघितली. मग गंभीर होऊन मला म्हणाले, "तीस फूट आहे. तीन फूट कमी. यांचा गुंठा भरतो कसा?"

पुढच्या हंगामात मागचा खांब इनासभाऊंकडे आला, पुढचा ग्लेनकडे. माझ्याकडे क्लिप. क्लिप म्हणजे चिमट्यासारखी एक लोखंडी वस्तू. मैदानावर दर पाच यार्डांवर पांढरी रेघ असते. खांब रोवले की साखळी जिथे त्या रेघेवरून जाते तिथे लगेच क्लिप लावायची. मग मोजायची वेळ आली की क्लिप रेघेवर टेकवून साखळी ताणायची, म्हणजे ती बरोबर होती तिथेच पडते. काम तीन सेकंदांचं. मला त्याहून मोठं काम देणं बरोबर नाही असं इनासभाऊंनी माझे पाय बघून ठरवलं असावं.

मॅचच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी चर्चहून आल्यावर, त्यांच्या बेसमेंटमध्ये सभा व्हायची. हरलेल्या मॅचवर ते एक शब्द बोलत नसत. "हरणाऱ्याचं काय तपासायचं? त्याच्याकडे काही नाही." तपासायचा तो विजय. जिंकलो ते कशाने, त्यातलं आपलं किती, समोरच्याच्या चुकीचं किती, वाऱ्याचं किती. फिलूवहिनी मैद्याचे तळलेले फुगे आणि चहा आणून ठेवत आणि वर जाताना म्हणत, "जिंकलात ना? मग खा की गप." ग्लेनचं मत कायम एकच: "अ विन इज अ विन, इनास." त्यावर इनासभाऊंचं उत्तरही कायम एकच. ते आधी मराठीत म्हणत, "कब्जा म्हणजे मालकी नव्हे," आणि मग ग्लेनसाठी इंग्रजीत अशा भाषेत सांगत की मराठीच जास्त कळायचं.

तो नोव्हेंबरचा पहिला शनिवार. बाद फेरीआधीची शेवटची मॅच, समोर साळिंदर नावाची टीम. गंमत अशी की निकाल काहीही लागला तरी पुढच्या शनिवारी बाद फेरीत परत हेच दोघे, याच ग्राउंडवर समोरासमोर येणार होते. थंडी एवढी की क्लिपचं लोखंड बोटांना चिकटत होतं. म्हणून मी ती कोटाच्या खिशात, हात गरम ठेवायच्या पुडीला लावून ठेवली होती. शेवटच्या पाच मिनिटांत रॅकूनना नव्या तीन संधी मिळाल्या, खांब रोवले गेले, आणि नेमकी तेव्हाच मी वहिनींच्या थर्मासमधून चहा ओतून घेतला. आल्याचा चहा. दोन्ही हातांत कप धरून मी मॅच बघत राहिलो. क्लिप खिशात.

तिसऱ्या संधीनंतर शिट्टी झाली. पंच कडेला येऊन "क्लिप?" म्हणाला. मी कप बर्फात टाकला, क्लिप काढली आणि अंदाजपंचे दाहोदरसे साखळीला लावली. "येस," म्हणालो.

साखळी ताणली. चेंडूचं नाक खांबाला बोटभर लागलं.

पुढे जे झालं ते फक्त कॅनडातच होऊ शकतं. रॅकूनच्या पोराने गोलावर लाथ मारली, चेंडू भलतीकडे गेला आणि मैदानाच्या पार बाहेर पडला. इथल्या नियमाप्रमाणे त्याचाही एक पॉइंट मिळतो. नापास झाल्याबद्दल एक मार्क. त्या एका पॉइंटने आम्ही चोवीस-तेवीस जिंकलो. पोरं मैदानात धावली, अलीशा आजोबांच्या गळ्यात पडली. तिने साखळीचा व्हिडिओ काढला होता. "ग्रँडपा, यू आर फेमस," ती म्हणाली.

रविवारच्या सभेत इनासभाऊंनी तो व्हिडिओ टीव्हीवर लावून एकोणीस वेळा पाहिला. ग्लेनचा चौथा फुगा चालू होता. कॉलेजची पोरं इंटरनेटवर लिहीत होती की रॅकूननी साळिंदरांना सोलून काढलं, पुढच्या शनिवारी नुसतं जाऊन उभं राहायचं. अलीशा ते वाचून दाखवत होती. इनासभाऊंनी हात वर केला.

"क्लिप दीड फूट चुकीच्या जागी आहे," ते म्हणाले. "साखळी दीड फूट मागे पडली. चेंडू पोचला नव्हता."

ग्लेन म्हणाला, सोड ना, लीग काही निकाल बदलत नाही. इनासभाऊ म्हणाले, निकाल कोण मागतंय. शनिवारी आपण परत त्याच लोकांसमोर उभे राहणार. कोणत्या जागेवर उभे आहोत ते माहीत नको?

आणि मग त्यांनी फेरमोजणी काढली. फेरमोजणीचा नियम असा की लगतच्या कब्जेदारांना नोटीस द्यावी लागते. लगतचे कब्जेदार म्हणजे साळिंदर. अलीशाने "ओह माय गॉड, नो" असं तीनदा म्हणत ती ईमेलने पाठवली: बुधवारी दुपारी दोन वाजता मिल्टन येथील उद्यानात विवादित साखळीची मोजणी होईल, आपण अथवा आपला प्रतिनिधी हजर राहावे, न राहिल्यास आपलं काही म्हणणं नाही असं समजण्यात येईल.

बुधवारी दोनला पाच मिनिटं कमी असताना उद्यानाच्या पार्किंगमध्ये एक लहान गाडी थांबली आणि तिच्यातून मोठ्या मुश्किलीने एक सहा फुटी साळिंदर बाहेर पडलं. काट्यांसकट. त्यांच्या विद्यार्थी संघटनेला ती नोटीस इतकी आवडली होती की त्यांनी टीमचं सोंगच प्रतिनिधी म्हणून पाठवलं. मुंडकं काढल्यावर आत चष्मा लावलेली एक गंभीर मुलगी निघाली. इनासभाऊंनी तिच्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि म्हणाले, "हजर. लिहून घ्या."

बर्फावर चुना दिसत नाही म्हणून मैदानाच्या रेघा व्हिडिओत दिसत होत्या तशा हळदीने आखल्या. फिलूवहिनींची दोन किलोची पिशवी संपली. त्या खिडकीतून बघत होत्या आणि त्यांच्या ओठांवरून त्या काय म्हणत असतील ते कळत होतं. गल्लीतली कुत्री आठवडाभर पिवळ्या पायांनी फिरली. साळिंदर साखळीचं एक टोक धरून उभं होतं. मोजणी तीनदा झाली. दीड फूट, दीड फूट, दीड फूट.

मग बेसमेंटमध्ये जबाब. इनासभाऊंनी सगळ्यांना समजेल असं सोपं करून सांगितलं. क्लिप वेळेवर लावली असेल, तर ती खांब जिथे होते तीच जागा दाखवते, म्हणजे मागचा खांबच मुळात चुकीच्या जागी रोवला होता. क्लिप नंतर अंदाजाने लावली असेल, तर चूक फक्त क्लिपची, खांबाची नाही. तिसरी शक्यता नाही. ग्लेन म्हणाला, मी चेंडूकडे बघत होतो, मला काही माहीत नाही. ते लिहिलं गेलं.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी पायांकडे नाही.

"मुकुंदराव, क्लिप कधी लावली?"

मुलगी मुंडकं मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत होती. ग्लेन बघत होता. कबूल केलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. ग्लेन हसला असता. पण नातीच्या वयाच्या कुणासमोर, आणि विशेषतः एका साळिंदरासमोर, मी चहा पीत होतो म्हणून एक कॉलेज जिंकलं, हे म्हणायची मला लाज वाटली.

"पहिल्याच संधीला," मी म्हणालो.

इनासभाऊंनी ते लिहिलं. मग पेनाचं टोपण लावलं आणि परत काढलं. चौतीस वर्षांत त्यांचा खांब हलला नव्हता. भाऊबंदकीत लोकांनी त्यांच्या अंगावर कोयते आणले तेव्हाही नाही. शेवटी खाली लिहिलं: "मागील खांब चुकीच्या जागी रोवल्याचे निष्पन्न होते. जबाबदार: अधोस्वाक्षरीकार." आणि सर्वांत खाली सही केली. मुलीने परत पंजा घालून साळिंदराच्या वतीने सही केली. जाताना वहिनींनी तिला फुगे बांधून दिले.

त्यांनी पंचनाम्याची प्रत कॉलेजला पाठवली. तिथल्या क्रीडा विभागातल्या एका भल्या पोराचा फोन आला. त्याने सांगितलं की हे कुणी मागितलं नव्हतं, निकाल तोच राहील, पण तुम्ही स्वतःच लिहून दिलंय आणि साळिंदरांनी ते इंटरनेटवर टाकलंय, तर या शनिवारी तुम्ही खांब न धरलेला बरा. इनासभाऊ फोनवर म्हणाले, "कारवाई योग्य आहे." फोन ठेवला आणि आपलं नारिंगी जॅकेट घडी करून माझ्या हातात दिलं. मागचा खांब आता मी धरायचा होता, क्लिपला अलीशा.

शनिवारपर्यंत मी रोज त्यांच्या दारापर्यंत गेलो. गुरुवारी ते ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होते. आधी दोरी लावून, हद्दीच्या आतलाच. मी म्हणालो, "इनासभाऊ, एक सांगायचं होतं." ते थांबले. मी म्हणालो, "शनिवारी थंडी जास्त आहे." ते म्हणाले, "नोंद घेतली."

शनिवारी ते तिकीट काढून प्रेक्षकांत बसले, तिसऱ्या रांगेत, फिलूवहिनींच्या शेजारी. कॉलेजची पोरं आधीपासूनच नाचत होती. मॅच मात्र कुणालाच सोलता येईना. शेवटच्या दहा मिनिटांत रॅकून तीन पॉइंटनी मागे होते, तेव्हा शिट्टी झाली.

मोजणी.

आम्ही तिघं साखळी घेऊन मैदानात गेलो. मी मागचा खांब टेकवला आणि मागे वळून बघितलं. अख्खं ग्राउंड चेंडूकडे बघत होतं. तिसऱ्या रांगेत एकच माणूस उभा होता आणि तो माझ्या पायांकडे बघत होता. त्यांनी डावा हात आडवा पसरला आणि पंजा दोनदा हलवला. मोजणीदार लांबून झेंडीवाल्याला करतात तशी खूण: डावीकडे, आणखी डावीकडे. मी खांब सरकवला. माझा खांब खरोखर वाकडा होता. अलीशाने क्लिप रेघेवर टेकवली. मग त्यांनी दोन्ही हात सावकाश खाली आणले, म्हणजे जागा बरोबर, खांब ठोक.

साखळी ताणली. चेंडू चार बोटं कमी पडला.

पोरांनी आमच्या नावाने बोंब ठोकली. कुणीतरी पॉपकॉर्न फेकलं. चेंडू साळिंदरांकडे गेला आणि पाच मिनिटांत हंगाम संपला. पलीकडच्या कडेला काटेरी सोंग कोलांट्या मारत होतं; मध्येच थांबून त्याने तिसऱ्या रांगेला हात केला. इनासभाऊंनी टोपी काढली.

पुढच्या उन्हाळ्यात ते मुलाकडे कॅल्गरीला गेले. आमचे फोन होत राहिले, हवेचे आणि गुडघ्यांचे. त्यांची अंत्ययात्रा मी लॅपटॉपवर पाहिली. साखळी शवपेटीत ठेवू दिली नाही म्हणे. वहिनींनी ती ग्लेनला पाठवली. या लेखाची एक प्रत त्या निळ्या फोल्डरमध्ये घालून मी तो वहिनींना परत धाडणार आहे, दुसरी कॉलेजला. माझा जबाब असा: क्लिप मी उशिरा लावली, अंदाजाने. मागचा खांब हलला नव्हता.

त्या शनिवारी पार्किंगमध्ये ते गाडीपाशी उभे होते. लोक हरल्याचं तोंड करून चालले होते. यांचा चेहरा मात्र उजळलेला. मी जॅकेट परत करायला गेलो. ते म्हणाले, ठेवा.

"आज क्लिप कधी लावली पोरीने?"

"पहिल्याच संधीला," मी म्हणालो. "मी बघितलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा सांगू शकलो असतो. ते थांबलेही होते; त्यांना थांबायची सवय नव्हती, तरी थांबले.

"बरं," ते म्हणाले. "मग आजचं पक्कं."

वहिनींनी गाडीचा हॉर्न वाजवला. पण ते आधी आमच्या गाडीपासून त्यांच्या गाडीपर्यंत तीस इंचांची पावलं टाकत गेले, ओठ हलवत. दाराशी पोचल्यावर ते क्षणभर थबकले, मागे वळून माझ्या पायांकडे बघितलं आणि हाताने खूण केली. डावीकडे. मी बर्फाच्या ढिगावरून खाली उतरलो, सपाटीवर. त्यांनी मान डोलावली आणि गाडीत बसले.